पोकळ वेळू कीं पोकळ विद्या?

पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक या गांवाचें नांव महाराष्ट्रास ठाऊक झालें तें एका पुरुषामुळें. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे या गांवीं जन्मले. पुढें साऱ्या देशानें त्यांस विनोबा म्हणून ओळखिलें. थोर पुरुषांचें ऋण फेडण्याची आमच्या लोकांची एक ठरीव रीत आहे. जयंतीच्या दिवशीं प्रतिमेस हार घालावा, पाहुण्यांचीं दोन भाषणें व्हावीं, मुलांस खाऊ वांटावा, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच मुलांनीं पुस्तक उघडून पुनश्च पाठांतरास बसावें. ज्या पुरुषानें काम व ज्ञान यांची फारकत करूं नका असें आयुष्यभर सांगितलें, त्याच्याच नांवानें असा सोहळा व्हावा, यासारखी विसंगति दुसरी कोणती?

आज आम्ही वाचकांपुढें एक अगदीं लहान, कित्येकांस पोरकट वाटेल अशी सूचना ठेवीत आहों. ती ही कीं, गागोद्यासारख्या गांवांतील शाळांतून मुलांनीं आपल्या हातांनीं वाद्यें करावीं, आणि ध्वनीचें शास्त्र त्या वाद्यांपासून शिकावें. सूचना लहान असली तरी तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न लहान नाहीं. आमच्या मुलांच्या डोक्यांत आम्ही विद्या भरतों आहों कीं विद्येचे केवळ शब्द, हा तो प्रश्न होय.

प्रथम आजची स्थिति पाहूं. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ध्वनीचा धडा असतो. धडा वाईट असतो असें आमचें म्हणणें नाहीं. कंपन, वारंवारता, तरंगलांबी हे शब्द त्यांत यथास्थित समजावून दिलेले असतात. पण धडा संपल्यावर एखाद्या हुशार मुलास उभें करून पाहावें. 'ध्वनि कंपनापासून उत्पन्न होतो' हें वाक्य तो बिनचूक म्हणून दाखवील. मग त्यास विचारावें कीं, बाबा रे, तुझे आजोबा भजनांत पखवाज घेतात तेव्हां त्याच्या डाव्या तोंडास कणीक कां थापतात? येथें तो थांबेल. कारण कणीक त्याच्या घरीं आहे, पखवाज त्याच्या देवळांत आहे, आणि ध्वनि त्याच्या पुस्तकांत आहे. या तिघांची गांठ कोणीं घालून दिलेली नाहीं. ज्या विद्येस घरांतली वस्तु ओळखतां येत नाहीं, ती विद्या पाहुणी होय. परीक्षेच्या दिवशीं येते आणि निकालाच्या दिवशीं जाते.

ही गांठ घालण्यास कांहीं अवघड आहे काय? लांकडाची दोन हात लांबीची एक फळी घ्या. तिच्या एका टोंकास खिळा ठोकून सतारीची पोलादी तार बांधा. ती फळीवरून नेऊन दुसऱ्या टोंकाखालीं लोंबती सोडा, आणि तिला वजन टांगा. तारेखालीं लांकडाच्या दोन घोड्या एकमेकींपासून ६० सेंटिमीटरांवर बसवा. तार छेडली कीं निघेल तो तुमचा षड्ज. आतां एक घोडी सरकवून तार ३० सेंटिमीटर ठेवा, वरचा षड्ज बोलतो. ४० ठेवा, पंचम बोलतो. ४५ ठेवा, मध्यम बोलतो. जें मूल 'लांबी व वारंवारता यांचें प्रमाण व्यस्त असतें' हें वाक्य दहा वेळां घोकून विसरतें, तेंच मूल ही गोष्ट एकदां कानांनीं ऐकली म्हणजे जन्मांत विसरणार नाहीं.

खरी मौज पुढें आहे, आणि ती आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य करून पाहावी. घोड्या जागच्या जागीं ठेवून तारेला तराजूचें एक किलोचें वजन टांगा आणि सूर ध्यानांत ठेवा. याचा वरचा षड्ज हवा असेल तर किती वजन लागेल? दुकानावर बसणारा कोणीही चलाख मुलगा म्हणेल, दुप्पट सुरास दुप्पट वजन, म्हणजे दोन किलो. टांगून पाहा. सूर चढतो खरा, पण अर्ध्या वाटेंत, तीव्र मध्यमाच्या आसपास अडून बसतो. वरचा षड्ज लागतो तो चार किलो टांगल्यावर! आणि पंचमास? सव्वादोन किलो, दोन किलो, दोनशें ग्रॅम व पन्नास ग्रॅम हीं वजनें एकत्र टांगलीं कीं पंचम हजर. सूर दुप्पट करावयाचा तर ताण दोनाचा वर्ग, आणि दीडपट करावयाचा तर ताण दिडाचा वर्ग, हा नियम फ्रान्समधील मर्सेन नांवाच्या धर्मोपदेशकानें १६३६ सालीं आपल्या ग्रंथांत नोंदिला. तोच नियम पेणच्या बाजारांतल्या वजनांनीं गागोद्याच्या ओटीवर सिद्ध होतो. ज्या मुलास वर्ग आणि वर्गमूळ हीं गणिताच्या मास्तरांनीं काढलेलीं एक पीडा वाटत होती, त्यास तीं तारेमध्यें वसत असलेलीं दिसतात.

तारेनंतर वारा. वेळूच्या एका पेराचा, ज्याचा एक कांठ गांठीनें बंद आहे असा, ३३ सेंटिमीटर लांबीचा व सुमारें दोन सेंटिमीटर पोकळीचा तुकडा घ्या आणि उघड्या तोंडावरून आडवी फुंकर घाला. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४५ मीटर धांवतो. एका बाजूनें बंद नळींत तरंगाचा चौथा हिस्सा मावतो. म्हणून या नळींतून सेकंदास सुमारें २५६ कंपनांचा सूर निघतो. वेळू नसेल तर विजेच्या तारा घालण्याची प्लास्टिकची नळी चालते. बूड मातीनें बुजवावें म्हणजे झालें. आतां पुस्तकी हिशेबानें वरच्या षड्जास नळी निम्मी, म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर हवी. मूल करवतीनें बरोबर तेवढी नळी कापतें, फुंकतें, आणि त्याचा चेहरा उतरतो. कारण सूरही किंचित् उतरलेला असतो. हिशेब बरोबर, माप बरोबर, आणि तरी सूर खोटा!

आमच्या मतें साऱ्या शिक्षणाचें मर्म या एका क्षणांत आहे. पाठांतर करणाऱ्या मुलास हा क्षण कधींच लाभत नाहीं, कारण पुस्तकांतली नळी कधीं बेसूर वाजत नाहीं. हातानें नळी कापणाऱ्या मुलास मात्र विचार करणें भाग पडतें. चूक माझी कीं नियमाची? उत्तर असें कीं, नळींतील हवेबरोबर तिच्या तोंडाबाहेरचीही थोडी हवा कंप पावते. ही वाढ पोकळीच्या त्रिज्येच्या सुमारें सहा दशांश असते, आणि फुंकणाऱ्याच्या ओठांमुळें थोडी अधिकही होते. लांब नळी असो कीं आंखूड, ही वाढ तेवढीच. म्हणून आंखूड नळीस ती अधिक भोंवते. साडेसोळाच्या नळींतून आणखी सुमारें तीन मिलिमीटर घांसून काढले म्हणजे सूर जागेवर येतो. तीन मिलिमीटर! एवढ्याशा फरकासाठीं ज्या मुलानें नळी चार वेळां फुंकली, चार वेळां घांसली आणि शेवटीं कान तृप्त झाल्यावर कानस खालीं ठेविली, त्यानें शास्त्रज्ञाचें व्रत घेतलें असें समजावें. नियम मानावयाचा, पण अनुभवानें त्यास तपासावयाचें. आणि अनुभव विरुद्ध गेला तर रागावावयाचें नाहीं, कारण शोधावयाचें. ही वृत्ति ज्या समाजांत रुजेल, त्या समाजांत बुवाबाजीस आणि अफवांस थारा मिळणें कठीण.

आतां पखवाजाच्या कणकेकडे वळूं. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचें रबर ताणून बांधा आणि टिचकी मारा. मग मधोमध कणकेचा लहानसा गोळा चिकटवा व पुन्हां टिचकी मारा. सूर खालीं उतरून भरदार होतो, कारण जड झालेला पडदा सावकाश हालतो. तबल्यावरील व पखवाजाच्या उजव्या तोंडावरील शाईचें काम याहून सूक्ष्म आहे. साध्या ताणलेल्या चामड्यावर टोला मारला असतां मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात, ते त्याच्या पूर्ण पटींत नसतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज निघतो, पण सूर ठरत नाहीं. मध्यभागीं थरावर थर देऊन शाई बसविली म्हणजे ते वरचे सूर पटींत येऊन बसतात आणि चामडें तारेसारखें गाऊं लागतें. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीं 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकांत ही गोष्ट मांडिली. ज्यांस पुढें १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळावयाचें होतें, त्या पुरुषास आमच्या भजनांतल्या मृदंगांत अभ्यासाचा विषय दिसला. आणि आम्हांस मात्र तो मृदंग शाळेच्या दारांत आणण्याचीही लाज वाटते.

हें सारें आम्हीं नव्यानें शोधून काढिलें असा कोणाचा गैरसमज नको. याच महाराष्ट्रांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या गृहस्थांनीं सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर हिंदुस्थानी संगीतांतील बावीस श्रुतींचें गणित मांडण्याचा उद्योग केला. अब्दुल करीम खां यांच्यासारख्या थोर गवयाचा कंठ एकीकडे आणि मोजपट्टी दुसरीकडे, अशा प्रयोगांतून त्यांचा ग्रंथ १९१० सालीं बाहेर पडला. त्यांच्या निष्कर्षांवर पुढें पुष्कळ वाद झाले. पण गाणें हें मोजून पाहण्यासारखें आहे, आणि मोजणारानें गवयापुढें बसून ऐकलें पाहिजे, हा धडा त्यांनीं घालून दिला. अलीकडच्या काळांत पुण्यास आयुका या संस्थेच्या आवारांत पु. ल. देशपांडे यांच्या नांवाच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें मुलांसाठीं विज्ञानशोधिका उभी राहिली. तेथें २००३ पासून २०१४ पर्यंत अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. शीतपेयाच्या नळीचें टोंक चपटें करून त्रिकोणी कापावें, तें ओठांत धरून फुंकावें म्हणजे पुंगी वाजते. वाजतां वाजतांच दुसरें टोंक कात्रीनें कापीत जावें, म्हणजे नळी जसजशी आंखूड होते तसतसा सूर चढत जातो. हें पाहून जें मूल हंसत नाहीं तें मूलच नव्हे. आणि हंसल्यावर 'असें कां?' हें न विचारणारेंही विरळा. अरविंद गुप्तांस २०१८ सालीं पद्मश्री मिळाली. सरकारानें मान दिला. शाळांनीं मात्र त्या कात्रीस अजून वेळापत्रकांत जागा दिलेली नाहीं.

तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, साधनें घरांत असतां, उदाहरणें डोळ्यांपुढें असतां, ही गोष्ट आमच्या शाळांतून होत कां नाहीं? पैसा नाहीं हें उत्तर टिकणार नाहीं. वेळू, डबा, दोरा, कणीक यांस पैसा लागत नाहीं. खरें कारण आमच्या मनांत आहे, आणि तें स्पष्ट सांगणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. हातानें करावयाचें काम हलकें आणि तोंडानें बोलावयाचें काम श्रेष्ठ, ही वर्णाभिमानानें शिकविलेली खोड आमच्या हाडीं खिळली आहे. वाद्यांच्या बाबतींत तर ती उघडी पडते. मृदंग वाजविणारास आम्ही बुवा म्हणतों, पुढें बसवितों, शाल घालतों. मृदंग मढविणाराचें नांव आम्हांस ठाऊक नसतें. १९४७ सालीं साने गुरुजींस पंढरपुरीं विठ्ठलमंदिराचें दार अस्पृश्य बांधवांस उघडावें म्हणून प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. त्या बंद दाराच्या आंत चामड्यानें मढविलेला मृदंग तेव्हांही वाजतच होता! चामडें देवास चाललें, चामडें कमावणारा चालला नाहीं. हा अन्याय जितका धर्माचा, तितकाच विद्येचाही होय. कारण चामडें किती कमवावें, वादी किती ओढावी, शाई किती घोटावी, हें ज्याच्या बोटांस कळतें, त्याच्या बोटांत ध्वनिशास्त्र आहे. आणि त्यास पंगतीबाहेर बसवितांना आम्हीं तें शास्त्रही पंगतीबाहेर बसविलें.

उलट उदाहरणही याच महाराष्ट्रांत आहे. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं संस्थानाच्या आश्रयानें तंबोरे व सतारी करण्याचा धंदा उभा केला. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणि मिरजेचे हात यांच्या मीलनांतून निघालेला तंबोरा साऱ्या हिंदुस्थानांतील गवयांच्या मागें उभा राहिला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं कापसाचा एक दोरा सरकवून जवारी लावतात, आणि तेवढ्यानें तार कशी भरून बोलूं लागते, हें ज्यानें मिरजेस पाहिलें असेल, तो कारागिरास अडाणी म्हणण्याचें धाडस करणार नाहीं. रामन यांनीं १९२१ सालीं या रुंद घोडीच्या वाद्यांवरही लिहिलें. पदार्थविज्ञानाचा तो मोठा पंडित जेथें विद्यार्थी होऊन गेला, तेथें आमच्या मुलांनीं विद्यार्थी होऊन जाण्यास कोणता कमीपणा?

गागोद्याच्या पुत्राचें स्मरण आम्हीं आरंभीं उगाच केलेलें नाहीं. विनोबांचे वडील नरहरपंत हे बडोद्यास नोकरीस होते. रंगांचे व रसायनांचे प्रयोग ते हौसेनें करीत, आणि संगीताचेही मोठे अभ्यासक होते. शास्त्र आणि सूर एकाच छपराखालीं नांदूं शकतात, याचें उदाहरण या कुळांतच आहे. स्वतः विनोबा १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेस म्हणून मुंबईच्या गाडींत बसले आणि सुरतेस उतरून काशीस गेले. पुढें वर्ध्यास त्यांनीं टकळी व चरखा हातीं घेऊन सूतकताईचें बारीक गणित मांडलें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण, म्हणजे नयी तालीम, हें तत्त्व देशापुढें ठेविलें, तेव्हां विनोबा तें आधींपासूनच आचरीत होते. त्या योजनेचे पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सूत कंटाळवाणें झालें, उद्योगाचा तास शिक्षेचा तास बनला, आणि तत्त्व पुस्तकांत राहिलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सुतानें जें साधलें नाहीं तें तारेनें साधेल. कारण सुताची परीक्षा मास्तर घेतो, तारेची परीक्षा मुलाचा स्वतःचा कान घेतो.

या सूचनेवर आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला आक्षेप असा कीं, परीक्षेचा अभ्यास केव्हां व्हावयाचा? त्यास आमचें उत्तर असें कीं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतच सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून शाळेंत यावें व सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांपाशीं काम शिकावें असें सांगितलें आहे. आम्ही नवा वेळ मागत नाहीं. दिलेला वेळ सत्कारणीं लावा म्हणतों. दुसरा आक्षेप असा कीं, आतां दूरध्वनीच्या पडद्यावर सारे प्रयोग दिसतात, मग करवत कशास? पडद्यावरची नळी पुस्तकांतल्या नळीप्रमाणेंच कधीं बेसूर वाजत नाहीं, हें त्याचें उत्तर. दूरध्वनीचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. सुराचीं कंपनें मोजून आंकडा दाखविणारीं साधनें त्यांत फुकट मिळतात. मुलानें आधीं कानानें सूर लावावा आणि मग त्यास साक्षीदार म्हणून बोलवावें. साक्षीदारास न्यायाधीश करूं नये एवढेंच. तिसरा आक्षेप आयांचा: पोरींच्या हातीं करवत द्यावयाची काय? अवश्य द्यावी. विळीवर बसून नारळ खवणारी, कोयता चालविणारी मुलगी करवतीस भिते अशी कल्पना शहरांत बसून केलेली दिसते. ज्या घरांत मुलगी ऐकते आणि मुलगा वाजवितो, त्या घरांत निदान वाद्य करण्यापासून तरी समतेचा आरंभ होऊं द्या.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. आम्हांस स्वतःसच हें येत नाहीं, आम्ही काय शिकवावें? येथें आमचें त्यांस सांगणें आहे कीं, आपण शिकवूंच नका. शेजारीं बसून शिका. मृदंग मढविणारा कारागीर, बांबूची टोपली विणणारी बाई, रानवाडीवरचा पांवा करणारा कातकरी किंवा ठाकर, यांतील जो कोणी पंचक्रोशींत मिळेल त्यास शाळेंत खुर्ची द्या, मानधन द्या, आणि मुलांसमक्ष त्यास गुरुजी म्हणा. त्यानें करून दाखवावें. आपण त्यास 'असें कां?' हा प्रश्न जोडावा. हाताचें ज्ञान त्याच्यापाशीं, नियमाचें आपणांपाशीं. मूल या दोहोंच्या मध्यें बसेल तेव्हांच त्यास अखंड विद्या मिळेल. आणि ज्या कारागिराच्या स्वतःच्या मुलानें बापाचा धंदा लाजेस्तव टाकिला, त्या मुलास त्या दिवशीं शाळेच्या अंगणांत जें दिसेल, त्याची किंमत कोणत्याही पारितोषिकानें व्हावयाची नाहीं.

व्यापारी बंधूंकडे आमचें मागणें थोडें आहे. पेण हें गणपतीच्या मूर्तींचें गांव. हातांच्या कसबावर एका गांवाचें नांव कसें चालतें, हें पेणच्या बाजारास सांगावयास नको. तेलाचे रिकामे डबे, नळ्यांचे उरलेले तुकडे, फळ्यांचे कपटे, तराजूचीं जुनीं वजनें, हीं भंगारांत घालण्यापूर्वीं एकदां जवळच्या शाळेस विचारावें. तारेचें एक वेटोळें आणि दोन करवती ज्या दुकानदारानें दिल्या, त्यानें त्या गांवास प्रयोगशाळाच बांधून दिली असें आम्ही समजूं. मंडपास देणगी दिली तर नांव फलकावर लागतें, हें खरें. येथें नांव लागणार नाहीं, पण सूर लागेल.

आरंभ गागोद्यापासून व्हावा अशी आमची इच्छा आहे. येत्या ११ सप्टेंबरास तेथील मुलांनीं स्वतः केलेल्या वाद्यांवर एक साधें भजन वाजवावें. वाद्यें ओबडधोबड असतील, एखादा गंधार चढेल, एखादा धैवत उतरेल, हरकत नाहीं. भजनानंतर पाहुण्यांनीं भाषण न करितां प्रत्येक मुलास एकच प्रश्न विचारावा: तुझा सूर कोठें चुकला, आणि तो तूं कसा सुधारलास? या प्रश्नाचें उत्तर जें मूल देईल त्यानें ध्वनीचा धडा शिकला म्हणावें, मग परीक्षेंत त्यास गुण कितीही पडोत.

विनोबांनीं आपल्या बाळपणाची एक गोष्ट सांगितली आहे. एका दिवाळीस वडील मेवा घेऊन येणार म्हणून ते गागोद्यास वाट पाहत होते. वडील आले, हातीं पुडकें दिलें, आणि उघडून पाहतात तों त्यांत मुलांसाठीं लिहिलेलीं रामायण व महाभारत हीं पुस्तकें! आई म्हणाली कीं याहून चांगला मेवा तो कोणता. त्या काळीं गागोद्यासारख्या गांवांत पुस्तक दुर्मिळ होतें, म्हणून पुस्तक हाच मेवा ठरला. आज पुस्तकांच्या भारानें मुलांचीं पाठ वांकली आहे. दुर्मिळ झालें आहे तें त्यांच्या हातांतलें हत्यार आणि हत्यार चालवितांना मनांत उठणारा प्रश्न. या दिवाळीस कोणा बापानें आपल्या लेकरास एक वेळूचें पेर आणि एक लहानशी करवत आणून दिली, तर तें पुडकें उघडतांना मूल क्षणभर हिरमुसेल खरें. पण पेर कापून पहिली फुंकर घातल्यावर त्यास कळेल कीं वेळू पोकळ आहे म्हणूनच वाजतो. विद्येचें तसें नाहीं. ती पोकळ असली तर नुसता आवाज करते, सुरांत कधीं येत नाहीं.